रीसायकल बिनमधला व्हायरस जाता जात नाही : वाचकांचे प्रश्न

यावेळी बहुतेकांचं दुखणं एकच निघालंय. व्हायरसवाली फाईल डिलीट केली, ती रीसायकल बिनमध्ये जाऊन बसली आणि आता तिथनं काही केल्या हलत नाही. सांगली, कराड, तासगाव, वाई, सगळीकडनं हीच रड, म्हणून एकत्रच घेतोय. कमांड मी उच्चारानुसार लिहिल्यात, टाईप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या.

प्रश्न (सांगली, मार्केट यार्ड): आमचं हळदीच्या अडतीचं दुकान आहे. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर अँटिव्हायरस दिवसभर लाल पाटी दाखवतोय. जागा दाखवतो सी ड्राईव्ह, डॉलर रीसायकल डॉट बिन, पुढं एस-१-५-२१ आणि लांबलचक आकडे, आणि फाईलचं नाव डॉलर-आर करून काहीतरी अगम्य. असली फाईल आम्ही कधी बघितली नाही, आणि बिन उघडलं तर रिकामं! टॅलीत घुसलंय का हे? वीस तारखेच्या आत जीएसटी भरायचाय.

काका, आधी टॅलीचा बॅकअप एका वेगळ्या पेनड्राईव्हवर घ्या आणि तो पेनड्राईव्ह काढून कपाटात ठेवा, बाकीचं सगळं त्याच्यानंतर.

आता ते अगम्य नाव. तुम्ही फाईल डिलीट केली की विंडोज ती लगेच पुसत नाही, नाव बदलून त्या लपवलेल्या फोल्डरमध्ये टाकतं, आणि एकाच्या दोन करतं. डॉलर-आर ने सुरू होणारी ती खरी फाईल, तिचं मूळचं एक्स्टेन्शन तेवढं तसंच राहतं. जोडीला डॉलर-आय ने सुरू होणारी एक बारकी फाईल असते, तिच्यात मूळ नाव, मूळ जागा, साईज आणि कधी डिलीट झाली एवढंच लिहिलेलं असतं. त्यामुळं पाटीवरचं नाव तुम्ही जन्मात बघितलेलं नसणारच, पण तीच फाईल मेलमधनं 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' असल्या नावानं आलेली असू शकते.

बिन रिकामं दिसतं कारण एस-१-५-२१ ची ती लांब शेपटी म्हणजे एका युजरचा नंबर असतो. प्रत्येक युजरचं बिन वेगळं आणि डेस्कटॉपवर तुम्हाला फक्त तुमचं दिसतं. दिवाणजी दुसऱ्या लॉगिननं बसत असतील तर फाईल त्यांच्या बिनमध्ये आहे. खात्री करायची तर कमांड प्रॉम्प्टमध्ये (स्टार्टमध्ये सीएमडी टाईप केलं की उघडतो) हूॲमआय (डब्ल्यू-एच-ओ-ए-एम-आय, सलग), स्पेस, स्लॅश युजर टाका, तुमचा स्वतःचा नंबर दिसेल, तो पाटीवरच्या नंबरशी जुळवा. जुळला नाही की दिवाणजींच्या लॉगिननं आत जा. तिथं बिन उघडून व्ह्यू 'डिटेल्स' करा म्हणजे 'ओरिजिनल लोकेशन' आणि 'डेट डिलीटेड' असे कॉलम दिसतील, त्यांचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि मगच बिन एम्प्टी करा. ती जागा डाऊनलोड्स निघाली तर मेल किंवा वेबसाईटवरनं आलं, पेनड्राईव्हवरनं कॉपी केलेलं फोल्डर निघालं तर कुणाचा पेनड्राईव्ह ते तुम्हाला आठवेलच.

टॅलीचं म्हणाल तर बिनमध्ये पडलेली फाईल आपणहून काही करत नाही. तिथं डबल क्लिक केलं तरी ती चालू होत नाही, नुसती प्रॉपर्टीजची खिडकी उघडते. डिलीट करायच्या आधी कुणी ती उघडली होती का, हे मात्र दिवाणजींना जरा गोडीगुलाबीनं विचारा, ओरडलात तर नाहीच म्हणतील. उघडली असेल तर फुल स्कॅन झाल्याशिवाय त्या मशीनवर बँकेचं लॉगिन करू नका, जीएसटी दुसऱ्या कॉम्प्युटरवरनं भरा.

प्रश्न (कराड): सर माझ्या लॅपटॉपवर युजर एकच आहे. बिन एम्प्टी करतो, रिस्टार्ट करतो, परत वॉर्निंग. आठवडाभर हेच चाललंय. असा कसा हा व्हायरस?

एम्प्टी करत राहणं म्हणजे उसातली हराळी वरनं कापण्यासारखं आहे. फाईल परत येत असेल तर तिला आणणारा कोणीतरी दुसरीकडं जिवंत आहे, आणि शोधायचाय तो. पण थांबा, त्याच्या आधी ती खरंच परत येतेय का तेच बघू, कारण बऱ्याचदा येतच नसते.

वॉर्निंगमधलं नाव आणि तारीख नीट वाचा. दरवेळी तेच डॉलर-आर वालं नाव, तीच जुनी तारीख असेल तर दोन शक्यता. एक, फाईल हललेलीच नाही (ते पुढच्या प्रश्नात सांगतो). दुसरी, फाईल कधीच गेलीय पण अँटिव्हायरसच्या वहीत नोंद राहिलीय. विंडोजबरोबर येणारा अँटिव्हायरस, विंडोज डिफेंडर, हा प्रकार फार करतो, प्रोटेक्शन हिस्टरीतली जुनी नोंद धरून बसतो आणि नसलेल्या फाईलवर बोंब मारतो. सी ड्राईव्हवर प्रोग्रामडेटा, मायक्रोसॉफ्ट, विंडोज डिफेंडर, स्कॅन्स, हिस्टरी, सर्व्हिस अशी फोल्डरं उघडत आत जा (प्रोग्रामडेटा लपवलेलं असतं, व्ह्यूमधनं हिडन आयटम्स चालू करा) आणि सर्व्हिसच्या आतलं सगळं काढून रिस्टार्ट मारा. नुसती जुनी नोंद असेल तर वॉर्निंग तिथंच थांबते.

नाव दरवेळी नवीन येत असेल तर मात्र काम आहे. वनड्राईव्ह (फाईली इंटरनेटवर ठेवायची मायक्रोसॉफ्टची सोय) चालू असेल तर आधी तिकडं बघा, कारण दुसऱ्या मशीनवरनं किंवा क्लाऊडवरनं फाईल डिलीट झाली की इकडची कॉपी तुमच्या बिनमध्ये येऊन पडते, म्हणजे घाण भलत्याच कॉम्प्युटरवर असते आणि वॉर्निंग तुमच्याकडं. ते नसेल तर टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअप आणि मग टास्क शेड्युलर, दोन्ही ओळीनं वाचून काढा. ॲपडेटा किंवा टेम्प फोल्डरमधनं चालणारं, कंपनीचं नाव नसलेलं, अर्थहीन अक्षरांचं काही दिसलं की संशय घ्यायचा. घाईनं डिलीट नाही, आधी डिसेबल.

आणि मग ऑफलाईन स्कॅन. विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्स, सगळ्यात खाली डिफेंडर ऑफलाईन स्कॅन. मशीन रिस्टार्ट होतं आणि विंडोज चालू व्हायच्या आधीच तपासणी होते, साधारण १५ मिनिटं. विंडोजच चालू नाही म्हटल्यावर व्हायरसही चालू नसतो, त्यामुळं त्याला फाईल धरून ठेवता येत नाही की लपवता येत नाही. बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून घ्या, ती मायक्रोसॉफ्टच्या अकाऊंटवर सापडते, नाहीतर ऐनवेळी मशीन ४८ आकडे मागेल आणि तुम्ही बघत बसाल.

बिनच्या फोल्डरमध्ये बिऱ्हाड करणारे व्हायरस होऊन गेलेत बरं का. २०१२ च्या सुमारास झिरोॲक्सेस नावाच्या रूटकिटची (म्हणजे विंडोजच्या पोटात लपून बसणाऱ्या व्हायरसची) एक आवृत्ती बिनमधल्या एस-१-५-१८ फोल्डरमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या नावाच्या फोल्डरमध्ये, आपल्या फाईली ठेवायची. हे फोल्डर तुमच्याकडं दिसलं म्हणून दचकू नका, त्यात एकटी डेस्कटॉप डॉट आयएनआय असेल तर ते नॉर्मल आहे.

प्रश्न (तासगाव): बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला ऑपरेटर आहे. फाईल समोर दिसतीय पण डिलीट मारलं की 'ॲक्सेस डिनाइड', नाहीतर 'फाईल इन यूज'. मित्र म्हणतो एक कमांड आहे, मारली की बिनच उडतं. मारू का?

मारा, पण आधी एक सांगा, मशीनवर अँटिव्हायरस किती आहेत? तुमच्यासारख्या दोन-तीन जणांच्या मशीनवर एक विकतचा आणि एक फुकटातला असे दोन निघाले. एकानं फाईल तपासायला धरलेली, दुसरा ती काढायला बघतोय, आणि दोघंही तुम्हाला ॲक्सेस डिनाइड दाखवतायत. एक ठेवा, एक काढा. कुठला ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. क्विक हीलचे कैलाश काटकर मूळचे आपल्या रहिमतपूरचे म्हणून इकडं लोकांची माया त्या बाजूला जरा जास्त आहे, आणि विंडोजबरोबर येणारा डिफेंडरही आता साध्या ऑफिसला पुरतो.

आता कमांड. स्टार्टमध्ये सीएमडी टाईप करा, राईट क्लिक, रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर. तिथं आरडी, स्पेस, स्लॅश एस, स्पेस, स्लॅश क्यू, स्पेस, आणि मग सी, कोलन, बॅकस्लॅश, डॉलर, रीसायकल, डॉट, बिन, हे सगळं सलग. सलग म्हणजे सलग! बॅकस्लॅश आणि डॉलरच्या मध्ये चुकून स्पेस पडली तर ती कमांड अख्खा सी ड्राईव्ह पुसायला घेते आणि स्लॅश क्यू असल्यानं 'नक्की का' असं विचारतसुद्धा नाही. म्हणून एंटर मारायच्या आधी शेजारच्याला बोलवून ओळ वाचून घ्या. पॉवरशेलमध्ये मारू नका, तिथं डॉलरचा अर्थ वेगळा लागतो. बिनचं फोल्डर विंडोज नंतर आपलं आपण नवीन बनवतं, पण त्या ड्राईव्हवरच्या सगळ्या युजरांची बिनं रिकामी होतात, तेव्हा कुणी बिनमध्ये काही 'जपून' ठेवलं असेल तर आधी विचारा. ठेवतात लोक, काय सांगू. डी ड्राईव्हचं बिन वेगळं असतं, तिथं सीच्या जागी डी टाकून परत.

तरीही अडलं तर सेफ मोड, म्हणजे गरजेपुरतंच विंडोज चालू करायचं. शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट, आणि ४ दाबा. तिथं हीच कमांड बहुतेक वेळा चालते. तिथंही 'फाईल करप्ट' म्हणाला तर भानगड व्हायरसची नसून डिस्कची असू शकते, सीएचकेडीएसके, स्पेस, सी कोलन, स्पेस, स्लॅश एफ, मग वाय, आणि रिस्टार्ट करून चहाला जा.

प्रश्न (वाई): मी शाळेत शिक्षिका आहे. प्रश्नपत्रिकांची प्रिंट काढायला पेनड्राईव्ह बाहेर दिला होता. परत आल्यावर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेत आणि 'रीसायकलर' नावाचं एक फोल्डर आलंय. तेही बिनच का? आणि माझ्या फाईली गेल्या का?

ताई, फाईली बहुतेक जागेवरच आहेत, नुसत्या लपवल्यात. त्या शॉर्टकटवर मात्र क्लिक करू नका, त्याच्या पोटात व्हायरस चालू करायची कमांड असते, फोल्डर उघडल्याचं नाटक करून ती मागं आपलं काम करते.

रीसायकलर हे जुन्या विंडोज एक्सपीच्या काळातल्या बिनचं नाव. साध्या पेनड्राईव्हवरनं डिलीट केलेलं बिनमध्ये जातच नाही, थेट पुसलं जातं, मग तिथं बिनचं फोल्डर आलं कुठनं? नावाचा फायदा घेतलाय. नोव्हेंबर २००८ मध्ये आलेल्या कॉन्फिकर नावाच्या व्हायरसनं हेच केलं होतं, पेनड्राईव्हवर रीसायकलर फोल्डर करून त्यात स्वतःची कॉपी आणि बाहेर ती आपोआप चालू करणारी ऑटोरन फाईल. आता पेनड्राईव्ह लावल्या लावल्या ऑटोरन चालत नाही, विंडोज ७ पासून ते बंद झालं, म्हणून हे लोक शॉर्टकटवर आलेत. तुम्ही क्लिक करावं लागतं.

आधी पेनड्राईव्हवर राईट क्लिक करून स्कॅन. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये एटीटीआरआयबी, स्पेस, मायनस एच, स्पेस, मायनस आर, स्पेस, मायनस एस, स्पेस, ई कोलन बॅकस्लॅश स्टार डॉट स्टार, स्पेस, स्लॅश एस, स्पेस, स्लॅश डी. ई च्या जागी तुमच्या पेनड्राईव्हचं अक्षर. फोल्डरं दिसायला लागतील, कधीकधी सगळं नावच नसलेल्या एका फोल्डरमध्ये कोंबलेलं असतं, तेही उघडून बघा. तुमचे वर्डचे पेपर आणि पीडीएफ तेवढे कॉपी करून घ्या, मग पेनड्राईव्ह फॉरमॅट. पुढच्या वेळी प्रिंटवाल्याला पेपरची पीडीएफ मेल करा, नाहीतर ज्यात दुसरं काही नाही असा पेनड्राईव्ह द्या.

प्रश्न (मिरज): डीटीपीचं काम आहे, लग्नपत्रिका वगैरे. अँटिव्हायरस माझ्या डिझाईनच्या सॉफ्टवेअरची ॲक्टिव्हेशनची फाईल उचलून टाकतो. मी तिला एक्सक्लूजनमध्ये, म्हणजे तपासू नको म्हणायच्या यादीत, टाकू का?

क्रॅक म्हणा की सरळ, लायसनशिवाय चालवायची चोरवाट! नका टाकू. त्यातला प्रत्येक क्रॅक व्हायरस असतोच असं नाही, पण फायलींना कुलूप घालून पैसे मागणारे कितीतरी प्रकार क्रॅकच्या वेष्टनातनंच पसरलेत, आणि एक्सक्लूजन दिलं की पहारेकरीच तुम्ही घरी पाठवला. लायसन परवडत नसेल तर इंकस्केप हे डिझाईनचं सॉफ्टवेअर फुकट आहे, सवय लागायला वेळ लागेल हे खरं.

प्रश्न (विटा): दुकानदार म्हणतो बिनमधला व्हायरस आहे, फॉरमॅटच मारावं लागेल. खरं का? मशीन विंडोज ७ आहे.

बिनमधल्या एका फाईलसाठी फॉरमॅट, नाही. त्याला विचारा ऑफलाईन स्कॅन केला का, स्टार्टअप बघितलं का. दोन्ही करून पण परत येत असेल, किंवा बँकेचा पासवर्ड त्या मशीनवर टाकलेला असेल, तर मीही फॉरमॅटच म्हणेन. पण तुमचं विंडोज ७ आहे, त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चासुद्धा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळं फॉरमॅट मारून परत ७ च टाकणार असतील तर पैसे देऊ नका. मशीन ११ ला चालत नसेल आणि काम नुसतं ब्राऊझर आणि टायपिंगचं असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटातली सिस्टीम टाकायला सांगा, आणि त्याच्या आधी फोटो, कागदपत्रं, मराठी फॉन्ट वेगळ्या हार्डडिस्कवर घेतलेत का ते स्वतः उघडून बघा, दुकानदाराच्या 'घेतलंय हो' वर जाऊ नका.