पहिली रायफल घेताना

तू अमेरिकेत राहतोस आणि लष्करातून निघालेली, दर वेळी ट्रिगर ओढला की एक गोळी सोडून पुढचं काडतूस आपोआप भरणारी (सेमी-ऑटोमॅटिक) अशी तुझी पहिली रायफल शोधतोयस, तर माझं मत स्पष्ट आहे: एम-वन गॅरंड घे. १९३६ साली अमेरिकन सैन्याने ती स्वीकारली. सुटे भाग, माहिती, जाणकार माणसं, सगळं अजून मिळतं. आधी तुझ्या राज्याचा कायदा मात्र नीट वाच.

लाकडाच्या चकाकीवर भाळू नकोस. दस्ता बदलता येतो, झिजलेली नळी महागात पडते. विकणाऱ्याकडे नळीच्या दोन्ही टोकांची गेजची, म्हणजे झीज मोजायच्या साधनाची, मापं माग. आकडा जितका कमी, तितकी झीज कमी. मग रिसीव्हर, म्हणजे नळी जिला जोडलेली असते ती मधली पोलादी चौकट, उजेडात धर आणि कडेने बोट फिरव. मधोमध वेल्डिंगचा उंचवटा किंवा रंगात फरक जाणवला, तर ती कापून पुन्हा जोडलेली असू शकते. माझी पहिली अशीच निघाली. दुकानदाराने सांगितलं नव्हतं, आणि ती उडवायची हिंमत मला कधीच झाली नाही.

गॅरंड एकाहून जास्त कारखान्यांनी बनवली, त्यामुळे स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या रिसीव्हरवर विंचेस्टर कंपनीचे भाग दिसले तर बिचकू नकोस. लष्करी कारखान्यांत दुरुस्ती करताना भाग सर्रास मिसळले जायचे. 'सगळे भाग मूळचेच' म्हणून कोणी दुप्पट पैसे मागितले, तर एकेका भागावरचा क्रमांक तपासल्याशिवाय पाकीट काढू नकोस.

काडतुसं गॅरंडसाठी बनवलेलीच वापर. शिकारीच्या जड गोळीने ऑपरेटिंग रॉड, म्हणजे बोल्ट मागेपुढे सरकवणारा दांडा, वाकू शकतो. आठ काडतुसांची क्लिप दाबताना तळहाताची कड रॉडच्या मुठीला टेकवून ठेव, नाहीतर बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा सरकता भाग) अंगठ्यावर आदळतो.