अमेरिका खंडांतल्या कॅथलिक धर्माचा विद्यापीठात अभ्यास करायचा म्हणजे पाद्री व्हायचं का?

अजिबात नाही. पाद्री घडतात सेमिनरीत, म्हणजे त्यांच्या प्रशिक्षणाच्या धर्मशाळेत. हा विषय इतिहास किंवा मानववंशशास्त्राचा, श्रद्धेची अट नाही. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात नोत्र दाम विद्यापीठात यासाठी १९७५ पासून कुशवा सेंटर आहे.

खरी मजा चर्चच्या जुन्या नोंदवह्यांत आहे. क्युबा, ब्राझीलमध्ये आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचाही बाप्तिस्मा होई आणि चर्चच्या वहीत नाव, मालक, धर्ममातापिता (बाप्तिस्म्याच्या वेळी धार्मिक पालकत्व घेणारे), कधीकधी मूळ जमातही लिहिली जाई. एरवी ज्यांची कुठे नोंदच नाही, ती माणसं इथे सापडतात! व्हँडरबिल्ट विद्यापीठाने अशा वह्यांची लाखो पानं डिजिटल केली आहेत. मुक्तिवादी धर्मशास्त्र (गरिबांच्या बाजूने उभा राहणारा कॅथलिक विचार), ग्वादालूपेची माता (मेक्सिकोत पूजली जाणारी मरियम) हे विषय आहेतच. मात्र स्पॅनिश किंवा पोर्तुगीज आधी शिकायला घ्या. नुसत्या इंग्रजीवर फार पुढे जाता येत नाही.