२५ मायक्रॉनची सूट

"माणसं चांगली आहेत मॅडम माझी. खरं त्यांच्यावर काम सोडलं की वाट लागते, आणि नाही सोडलं तर माझी वाट लागते."

माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेले आप्पा पहिल्याच भेटीत एवढं बोलून गप्प बसले. नावं आणि ओळखीच्या खुणा मी बदलल्या आहेत. बेळगावातल्या लहान कारखानदारांकडून ही काळजी मी इतक्यांदा ऐकली आहे की आप्पांच्या परवानगीने ती एकदा नीट लिहावी असं वाटलं.

उद्यमबागेत त्यांचं मशीनशॉप आहे. दोन सीएनसी म्हणजे संगणकावर चालणारी मशीनं, तीन जुन्या लेथ, २२ माणसं. कास्टिंग इथल्याच फाउंड्रीतून येतं आणि हायड्रॉलिक सिलिंडरचे भाग तयार होऊन कोल्हापूरला जातात. वय ५४. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी सुरू केली, तरी झोप येईना. सोबत आलेल्या वहिनी म्हणाल्या, "रात्री अडीचला उठतात आणि रात्रपाळीच्या पोराला फोन लावून माप विचारतात."

मी लगेच सल्ला दिला नाही. खिशातल्या डायरीत एक खूण करा म्हटलं, दिवसभरात कुणीही काहीही विचारायला आलं की एक रेघ आणि शेजारी दोन शब्द. पुढच्या आठवड्यात त्यांनी मंगळवारचं पान उघडलं. त्रेचाळीस रेघा. कुठला इन्सर्ट लावू, कूलंट बदलू का, टेम्पोवाल्याला किती देऊ, ई-वे बिलावर गाडी नंबर कुठला टाकू. मालकाशिवाय अडलं असतं असे प्रश्न आम्हा दोघांना मिळून सहा सापडले.

"ह्यात काय विचारायचं असतं?" आप्पा चिडले.

"तुम्ही काय केलंत?"

"सांगितलं की."

"त्रेचाळीस वेळा?"

विल्यम ऑन्केन आणि डोनाल्ड वॉस या दोघांनी १९७४ साली हे दुखणं माकडाच्या दाखल्याने मांडलं होतं. हाताखालचा माणूस खांद्यावर माकड घेऊन येतो, आपण "बघतो मी" म्हणतो, आणि माकड उडी मारून आपल्या खांद्यावर बसतं. आप्पा जरा हसले. मग म्हणाले, "माझ्या अंगावर सगळा कळप हाय."

'आमची माणसं जबाबदारीच घेत नाहीत' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे रेघांचं काम देते. विचारलं की उत्तर मिळतं, आणि स्वतः ठरवलं की बोलणी बसतात, हे माणूस लवकर शिकतो. पुढे तो विचारतच राहतो. यात आळस नसतो.

पण आप्पा बोलणी का घालत होते? ते तिसऱ्या भेटीत कळलं. नऊ वर्षांपूर्वी ते खानापूरला भाचीच्या लग्नात होते. इकडे मशीन लावून देणाऱ्या सेटरने ऑफसेट, म्हणजे टूल किती सरकवायचं तो आकडा, उलट दिशेला दिला, बोअर म्हणजे आतलं भोक मोठं झालं आणि १८० नग परत आले. नव्या मशीनचं कर्ज तेव्हा डोक्यावर होतं. त्या दिवसापासून ते भोक मोजायचं बोअर गेज त्यांच्या कपाटात आणि किल्ली कमरेला. त्यानंतर एकाही लग्नात ते जेवायला थांबले नाहीत. हे सांगताना त्यांचा आवाज बसला. नऊ वर्षं हा माणूस त्याच लग्नाच्या मांडवात उभा होता.

मी त्यांना ड्रॉइंग समजावून मागितलं. त्यांनी कागदावर ५० एच ७ लिहिलं. म्हणजे बोअर ५० मिलिमीटरपासून ५०.०२५ पर्यंत चालतं, २५ मायक्रॉनची सूट. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

"आणि सूटच द्यायची नाही म्हटलं तर?"

"मग कुणी बनवूनच देणार नाही. असं मशीन नसतंय."

"बसप्पाला किती सूट आहे?"

बसप्पा म्हणजे त्यांचा फोरमन, १६ वर्षं जुना. आप्पा बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले.

मला जे दिसलं ते असं. आप्पा कामं तर रोजच वाटत होते, नाहीतर २२ माणसं काय करत होती? त्यांनी कधी न वाटलेली गोष्ट म्हणजे निर्णय. म्हणून आम्ही एकच निर्णय निवडला, पहिला नग पास करण्याचा. त्याचा कागद मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिला, कारण बसप्पा कन्नड वाचतो आणि रात्रपाळीची पोरं मराठी. माप ५०.००५ ते ५०.०२० मध्ये असेल तर न विचारता चालवायचं. त्याबाहेर पण ड्रॉइंगच्या आत असेल तर ऑफसेट सुधारायचा आणि संध्याकाळी सांगायचं. ड्रॉइंगबाहेर गेलं तर मशीन आधी बंद, फोन मग. शिवाय ३,००० रुपयांपर्यंतचं टूल बसप्पाने स्वतः आणायचं. पहिले पंधरा दिवस आप्पांनी शेजारी उभं राहायचं, हात मागे बांधून.

तिसऱ्या आठवड्यात घसरले. रात्री जाऊन सगळे नग गुपचूप मोजले. सकाळी बसप्पा एवढंच म्हणाला, "मालक, गेज डब्यात उलटं ठेवलं होतं." त्या दिवसापासून तो पुन्हा बारीकसारीक विचारायला लागला. आप्पा माझ्यासमोर मान खाली घालून बसले. मी म्हटलं, तपासणं चूक नाही, चोरून तपासणं घाव करतं. दर शनिवारी पाच नग दोघांनी मिळून, उघड मोजायचे ठरले. सोपवणं म्हणजे पाठ फिरवणं नव्हे, हे मला त्यांना त्याआधीच सांगायला हवं होतं.

दोन महिन्यांनी ते वहिनींना घेऊन सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला गेले, फोन गाडीत ठेवून. परत येऊन बघतात तर बसप्पाने माल अडवून ठेवलेला. चाळीस नगांपैकी तिनात गेजची गो बाजू, जी आत जायलाच हवी, ती जात नव्हती. आप्पांनी ३७ चांगले नग त्याच दिवशी पाठवले असते. बसप्पाने सगळे परत मोजायला काढले, टेम्पो रिकामा गेला आणि भाडं अंगावर बसलं.

"जिभेवर आलं होतं मॅडम. खरं विचारलं, काय बघून थांबवलंस?" बसप्पा म्हणाला, तीन गेले म्हणजे टूल मधेच झिजलंय, बाकीचे काठावर असतील. मोजल्यावर आणखी चार नग अगदी काठावर निघाले. आप्पांनी भाड्याचा विषय काढला नाही.

खंडेनवमीला गेजची पूजा बसप्पाने केली. कपाटाची किल्ली आता त्याच्याकडे असते. आप्पा रात्री अजून एक फोन करतात, साडेनऊला. तो कधी बंद करायचा हे आम्ही ठरवलेलं नाही, आणि मला त्याची घाईही नाही.