मेमध्ये मालवणच्या दांडी किनाऱ्यावर लहान मुलांना पाण्यात उतरवावं का? लाटांचा अंदाज कसा वाचायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेच्या मध्याला चार दिवस मालवणला जाताय, सोबत सहा आणि नऊ वर्षांची मुलं आहेत. दांडीचा किनारा आडोशाचा आहे, तिथे लाटा नसतात, असं कुणीतरी सांगितलंय. पण फोनवर पाहिलं तर 'लाट १.२ मीटर, १४ सेकंद, नैऋत्य' असं येतंय, आणि त्यातल्या दोन दिवसांपुढे ढग आणि विजेचं चित्र आहे. त्यात मधे अमावास्या.

उतरवा. पण सकाळी सात ते नऊ, मुलांच्या कमरेच्या वर पाणी येणार नाही इतकंच आत, आणि साडेनऊला बाहेर. बाकीचं उत्तर हे असं का, त्याबद्दल आहे. माझं आजोळ मालवणचं, त्यामुळे थोडं लांबणार.

फोनवर दिसणारा आकडा दांडीचा नसतो. ती सगळी गणितं उघड्या समुद्राची असतात, किनाऱ्यापासून काही किलोमीटर बाहेरच्या पाण्याची. १.२ मीटर म्हणजे सगळ्यात मोठी लाटही नव्हे. जितक्या लाटा येतात त्यातल्या मोठ्या एक तृतीयांश लाटांची ती सरासरी. अधूनमधून एखादी लाट त्याच्या जवळजवळ दुप्पट येऊ शकते आणि तेव्हा अंदाज चुकला असं म्हणायची सोय नसते.

आता तोच आकडा घेऊन तीन ठिकाणी उभे राहा. तारकर्लीला पुळण सरळ आणि उघडी, तिथे अशी लाट मोठ्या माणसाच्या छातीवर फुटते. देवबागला तर कर्ली नदी समुद्राला मिळते, ओहोटीला खाडीचं पाणी बाहेर पडताना जी ओढ लागते त्यात चांगला पोहणाराही टिकत नाही. मुलांना तिथे पाण्यात उतरवूच नका, अंदाज काहीही असो. दांडीसमोर मात्र सिंधुदुर्ग किल्ल्याचं कुरटे बेट आहे आणि भोवती पाण्याखाली, पाण्यावर खडपंच खडपं, म्हणजे खडक. २५ नोव्हेंबर १६६४ ला किल्ल्याचं काम सुरू झालं, त्याची पूजा ज्या मोरयाच्या धोंड्यावर झाली तो दांडीच्याच किनाऱ्यावर आहे. ही जागा निवडण्यामागे ही खडपंही होती. वाट माहीत नसलेलं गलबत त्यांतून आत येऊ शकत नव्हतं. लाटेचंही तसंच होतं, ती बाहेरच फुटते. मोठ्या दर्यात पांढरा फेस उडताना दिसतो आणि पुढ्यात पाणी घोट्याशी लुडबुडत असतं.

पण हा आडोसा चोवीस तास सारखा नसतो. तुम्हाला सांगणाऱ्याने नेमकं हेच सांगितलं नाही.

पहिलं कारण भरती. खडप उघडं असतं किंवा वर जेमतेम पाणी असतं तेव्हा ते भिंतीसारखं काम करतं. त्याच्यावर दीड-दोन मीटर पाणी चढलं की भिंत बुडते आणि लाट वरून आत येते. मालवणकडे उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक साधारण दोन मीटरचा. मुंबईला तो साडेचार-पाचपर्यंत जातो, म्हणून मुंबईकरांना मालवणचा समुद्र 'फारसा हलत नाही' असं वाटतं. आडोशासाठी दोन मीटर पुरेसे आहेत.

भरतीची वेळ काढायला ॲप हवंच असं नाही. किनाऱ्यावरची जुनी पद्धत अशी: तिथीची पाऊणपट करायची, जी वेळ येईल ती पूर्ण भरती. पंचमीला पाच गुणिले पाऊण, पावणेचार. अष्टमीला सहा. अमावास्येला पंधरा धरायचे, सव्वाअकरा. हे मुंबईच्या बाजूला नीट बसतं. मालवणात भरती थोडी आधी येते, म्हणून साडेदहा-अकरा समजा. नंतर रोज ती सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते.

म्हणजे तुमच्या दिवसांत पहाटे पाचच्या सुमाराला पाणी पूर्ण सुकलेलं असेल आणि तिथून चढायला लागेल. सात ते नऊ या वेळात पाणी हळूहळू आत येतंय, खडपांचं अजून भिंतीचं काम चालू आहे, वारा जवळजवळ नाही, ऊन सोसण्यासारखं आहे आणि स्कूबावाल्यांच्या होड्यांची वर्दळ वाढायची आहे. अकराला पाणी सर्वात वर. दुपारी दोन-तीनला ओहोटीचा सर्वात जास्त जोर, त्या वेळी दोन खडपांच्या मधल्या वाटेने पाणी बाहेर धावत असतं. वरून ती जागा फसवी दिसते, कारण लाट तिथे फुटत नाही. नवखा माणूस मुलांना घेऊन नेमका तिथेच जातो.

दुसरं कारण ते १४ सेकंद. तुम्ही उंचीबद्दल विचारलंत, पण मी आधी सेकंद बघतो. दोन लाटांच्या मधलं हे अंतर. पाच-सहा सेकंद असेल तर ती जवळपासच्या वाऱ्याने उठवलेली लाट आहे. आखूड, चिडकी, खडपावर आपटली की संपली. बारा-चौदा किंवा त्याहून जास्त सेकंद असतील तर ती फार लांबून आलीय. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांनी उठवलेल्या लाटा पाच-सात दिवसांचा प्रवास करून येतात. इथे वाऱ्याची झुळूक नसते, आकाश निरभ्र असतं आणि तरीही समुद्र फुगतो. केरळात याला 'कळ्ळक्कडल' म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. अशा लांब लाटेला तळ फार आधी लागतो. तळ लागला की ती वळते, बेटाला वळसा घालून मागच्या बाजूला शिरते. आडोसा आखूड लाटेपुढे जितका चालतो तितका हिच्यापुढे चालत नाही. शिवाय ती थव्याने येते. दहा-पंधरा मिनिटं काहीच नाही, मग ओळीने तीन-चार मोठ्या, परत शांत.

हे मी दांडीवरच शिकलो. बरीच वर्षं झाली, मेचीच सुट्टी, भरतीची वेळ, वारा बंद. भाचा चार वर्षांचा, पाण्याच्या कडेपासून चांगला पंधरा पावलं वर वाळूचा किल्ला करत बसलेला. मी त्याच्याजवळ पेपर वाचत. अर्धा तास पाणी जागचं हललं नव्हतं. एकदम आमच्या खालून पाणी गेलं. चप्पल, पेपर, वाळूचा किल्ला, सगळं एका दमात. लाट म्हणावी अशी उंच नव्हतीच, नुसतं पाणी वर चढलं. पण परत जाताना त्याने भाच्याला बसल्या जागेवरून ओढलं. मी त्याचा दंड पकडला तेव्हा तो चार-पाच पावलं खाली गेला होता. वर होडीला डांबर लावत बसलेले एक काका तिथूनच ओरडले, "पाण्याक ओढ आसा, पोराक भायर काढ!" त्यांनी ते आधीच ओळखलं होतं आणि स्वतःची होडी सकाळीच वर ओढून ठेवली होती. मला ती होडी दिसली होती, पण त्याचा अर्थ लागला नव्हता.

तेव्हापासून पोचल्याबरोबर आधी पंधरा मिनिटं नुसतं बघत बसायचं, हा आमच्या घरचा नियम आहे. मुलं कुरकुरतात. त्यांना तेवढ्यात शिंपले वेचायला लावा.

या लांब लाटांचा इशारा हैदराबादची इन्कॉइस ही संस्था देते. समुद्राच्या स्थितीचा अंदाज, लाटांची उंची, किनाऱ्याला इशारा, सगळं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतं. निघायच्या आदल्या दिवशी आणि रोज सकाळी तिथे सिंधुदुर्गासाठी काही आहे का ते बघा. मे २०२४ च्या सुरुवातीला त्यांनी असाच इशारा दिला होता, आणि ६ मे रोजी कन्याकुमारीजवळच्या लेमूर किनाऱ्यावर पाच वैद्यकीय विद्यार्थी बुडाले. वादळ नव्हतं, पाऊस नव्हता. दुसऱ्या एखाद्या परदेशी ॲपवर बघत असाल तर वेळ कुठली आहे ते तपासा. ती यूटीसी, म्हणजे ग्रीनिचची वेळ असेल तर साडेपाच तास मिळवायचे. माझ्या ओळखीत एकाने आपल्याच वेळेत ते तास मिळवून पहाटेचा शांत समुद्र दुपारच्या नावावर लावून ठेवला होता.

वाऱ्याचं शाळेच्या भूगोलातलंच आहे. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा, दुपारी समुद्रावरून खारा वारा. मेमध्ये खारा वारा अकरा-बाराला सुरू होतो, वायव्येकडून, आणि तीन-चारला जोरात असतो. तेव्हा आडोशातही पाणी खडबडतं आणि छोट्या मुलांच्या सारखं तोंडावर येतं. हा वारा गैरसोयीचा, पण तो किनाऱ्याकडे ढकलतो. मला जास्त भीती सकाळच्या मतलई वाऱ्याची वाटते, कारण तेव्हा पाणी आरशासारखं असतं. फुगवलेली ट्यूब, हवेची गादी, मोठा चेंडू हे सगळं त्या हलक्या वाऱ्यावर आत सरकत जातं, आणि वर बसलेल्या मुलाला ते कळतही नाही. किनाऱ्यावरच्या गाड्यांवर ही खेळणी ढिगाने मिळतात. घेऊ नका, किंवा घेतलीत तर वाळूवरच खेळू द्या. अंगाला नीट बसणारं लाइफ जॅकेट वेगळं, ते जरूर घाला.

विजेच्या चित्राचं काय? कोकणात वळीव बहुधा दुपारनंतर येतो, आणि घाटाच्या बाजूने. तुम्ही समुद्राकडे तोंड करून बसलेले असता, ढग पाठीमागे चढत असतो. म्हणून संध्याकाळी दर थोड्या वेळाने मागे वळून पूर्वेला बघा. गडगडाट ऐकू आला की लगेच पाण्याबाहेर, आणि पुळणीवरही थांबायचं नाही, माडाखाली तर नाहीच. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' नावाचं ॲप आहे, ते जवळपास पडलेल्या विजा दाखवतं. वळवाच्या आधी जमिनीकडून जे वाऱ्याचे झोत येतात तेही ट्यूब आत नेणारेच. त्यामुळे तुमच्या ढगाळ दोन दिवसांची सकाळ मोकळी धरा आणि संध्याकाळ देऊळ-बाजारासाठी ठेवा.

उकाडा तर असणारच. तेहतीस-चौतीस अंश, पण दमटपणामुळे जीव नकोसा होतो. समुद्राचं पाणीही तीसच्या आसपास, त्यामुळे मुलांना थंडी वाजत नाही, ती बाहेर यायला तयार नसतात आणि पाठी भाजतात. जुना पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालून उतरवा.

मेच्या मध्याला जाताय म्हणून आणखी एक. अरबी समुद्रात या दिवसांत चक्रीवादळ होऊ शकतं. १६ मे २०२१ ला तौक्ते आमच्या किनाऱ्यासमोरून गेलं, जमिनीला लागलं ते दुसऱ्या दिवशी गुजरातेत, पण मालवणात माड आणि विजेचे खांब आडवे झाले. असं काही असलं तर हवामान खातं चार-पाच दिवस आधी कमी दाबाच्या क्षेत्राबद्दल बोलायला लागतं. तसं ऐकलंत तर खोलीचे पैसे गेले तरी चालतील, सहल पुढे ढकला. पावसाळ्याची मात्र फार चिंता नको. नेहमीचा हिशोब १ जूनला केरळ, ११ जूनला मुंबई असा आहे. २०२५ मध्ये तो २४ मेला केरळात आणि २६ मेलाच मुंबईत पोचला होता, पण तुम्ही त्याच्याही आधी परतलेले असाल. मेअखेर जाणाऱ्यांनी मात्र हे लक्षात ठेवावं, शिवाय तेव्हा जलक्रीडा आणि किल्ल्याच्या होड्याही बंद होतात.

पहिल्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर गेलात की आधी होड्या बघा. छोट्या होड्या पाण्यात डुलत असतील तर चला. सगळ्या वर माडांपर्यंत ओढून ठेवलेल्या दिसल्या, तर कुणालातरी "आज समुद्र कसा आहे?" एवढं विचारा. मालवणी माणूस त्याचं उत्तर दोन शब्दांत देतो, मग चहा घ्यायला बोलावतो आणि अर्धा तास बोलत बसतो. त्या दिवशी मुलांना खडपांच्या डबक्यांत खेकडे दाखवायला न्या, ओहोटीला, तेही किनाऱ्याला लागून असलेल्याच डबक्यांत.