मेंदूच्या दुखापतीनंतर रुग्णाला घरापासून लांबच्या पुनर्वसन केंद्रात ठेवावे का?

अपघातात आपल्या भावाच्या मेंदूला मार लागला, तो आता आयसीयूतून बाहेर आला आहे, घराजवळच्या रुग्णालयात फक्त फिजिओथेरपी मिळते आणि मेंदूच्या दुखापतीसाठीचे खास पुनर्वसन केंद्र बरेच लांब आहे, तेव्हा त्याला कोठे ठेवावे, असे आपण विचारले आहे. मी अशाच एका विभागात ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून, म्हणजे रुग्णाला रोजची कामे पुन्हा करायला शिकवण्याचे, काम करते. माझ्या मते आत्ता लांब न्यावे. मात्र घरी परतण्याची तयारी दाखल केल्या दिवसापासूनच सुरू करावी.

या दुखापतीत अशक्त हातपाय हा दुखण्याचा एक भाग असतो; गिळणे, बोलणे, स्मरण आणि वागणूक यांचे प्रश्न त्यात गुंतलेले असतात. अन्न श्वासनलिकेत उतरत नाही ना, हे स्पीच थेरपिस्टने तपासल्याशिवाय नाकातील अन्नाची नळी काढणे धोक्याचे असते, आणि रुग्ण चिडतो तेव्हा औषध द्यावे की आधी भोवतालचा गोंगाट कमी करून पाहावे, हे डॉक्टर, परिचारिका आणि न्यूरोसायकॉलॉजिस्ट (मेंदू आणि वागणूक यांचे तज्ज्ञ मानसशास्त्रज्ञ) यांनी मिळून ठरवायचे असते. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या नियमांनुसार अशा पुनर्वसन केंद्रात दाखल होणाऱ्या रुग्णाला साधारणपणे आठवड्यातून ५ दिवस, रोज ३ तास थेरपी झेपावी, अशी अपेक्षा असते. हा आकडा सर्वत्र बंधनकारक नाही, तरी मोजपट्टी म्हणून उपयोगी आहे. दोन्ही ठिकाणी विचारा, की रोज प्रत्यक्ष किती वेळ थेरपी मिळेल आणि सगळे थेरपिस्ट एकत्र बसून रुग्णाची चर्चा करतात का.

आणखी एक गोष्ट विचारायला नातेवाईक हमखास विसरतात. काही आठवड्यांनंतरही मेंदूत पाणी साठू शकते. सुधारत असलेला रुग्ण एकाएकी सुस्त होतो, चालताना अडखळू लागतो. त्यामुळे तेथे सीटी स्कॅन आणि न्यूरोसर्जन लगेच उपलब्ध होतात का, याची खात्री करावी. कवटीचे हाड काढून ठेवलेले असेल, तर ते परत कधी आणि कोठे बसवणार, हेही जाण्यापूर्वी लेखी घ्यावे.

लांब राहण्याचा त्रास सुरुवातीच्या संभ्रमाच्या काळात अधिक जाणवतो. त्या काळात नव्या आठवणी टिकत नाहीत, त्यामुळे तोच कर्मचारी रुग्णाला रोज नव्याने परका वाटतो. नळी उपसू पाहणारा रुग्ण बहिणीने हात धरून ओळखीच्या आवाजात दोन वाक्ये बोलताच शांत झालेला मी पाहिला आहे. म्हणून घरातील एक माणूस तरी आळीपाळीने तेथे राहावा. सगळ्यांनी एकदम जाऊन गर्दी करण्यात अर्थ नाही, उलट त्याने रुग्ण थकतो.

अंतराचा खरा फटका बसतो तो डिस्चार्जनंतर. विभागातील शौचालयात उजवीकडची दांडी धरून सफाईने उठणारा रुग्ण घरी भिंत डावीकडे आली, की जागच्या जागी थबकतो. मेंदूच्या दुखापतीनंतर एका जागी शिकलेले कौशल्य दुसऱ्या जागी आपोआप वापरता येईलच असे नाही. जवळच्या रुग्णाच्या घरी आम्ही स्वतः जाऊन पाहतो, लांबच्या बाबतीत ते जमत नाही. त्यामुळे दाराची रुंदी, पलंगाची उंची, पायऱ्या आणि स्नानगृह यांची मापे व छायाचित्रे पहिल्याच आठवड्यात थेरपिस्टकडे द्या, म्हणजे सराव त्या मांडणीप्रमाणे घेता येतो. शेवटच्या काही दिवसांत, घरी जो सांभाळणार आहे त्यानेच तेथे राहावे आणि पलंगावरून व्हीलचेअरवर बसवणे, भरवणे, औषधे देणे, फिट आल्यास काय करावे, हे सारे आमच्यासमोर स्वतः करून दाखवावे; आम्ही करत असताना नुसते पाहून ते अंगवळणी पडत नाही. घराजवळच्या फिजिओथेरपिस्टची वेळ डिस्चार्जपूर्वीच ठरवून ठेवा आणि केंद्रातील थेरपिस्टला त्यांच्याशी फोनवर बोलायला सांगा, कारण डिस्चार्ज कार्डावर औषधे नीट लिहिलेली असतात, पण रुग्णाला कोणत्या बाजूने आधार द्यायचा, हे बहुधा लिहिलेले नसते.