'व्हॉट वी डू इन द शॅडोज' हा दीड तासाचा सिनेमा मालिका होऊन सहा पर्वं कसा टिकला? सिनेमा न बघता मालिका बघितली तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: चालेल. दोन्हींत रक्त पिणाऱ्या व्हॅम्पायरांचा विनोदी संसार आहे, पण मालिकेतल्या मुख्य पात्रांपैकी एकही सिनेमात नाही. शहर वेगळं, देशसुद्धा वेगळा.

आता पहिला प्रश्न. तुम्ही लिहिलंय की चांगल्या सिनेमाची मालिका म्हणजे पाणी घालून वाढवलेली आमटी. २०१९ मध्ये ही मालिका येणार म्हटल्यावर मीही हेच म्हणाले होते, आणि जरा अधिकारानेच म्हणाले होते, कारण आमटीत पाणी घालायचं काम मी स्वतः केलंय. तीन वर्षं एका दैनंदिन मालिकेचे संवाद लिहीत होते. लग्नाचा ट्रॅक संपला, पुढे काय सुचेना, तेव्हा आमच्या नायिकेची स्मृती गेली. सहा आठवड्यांनी ती परत आली. मधल्या काळात काय घडलं ते मला आज आठवत नाही, तिला तर नाहीच नाही.

तर सिनेमा. २०१४ चा, न्यूझीलंडचा. टायका वाइटीटी आणि जेमेन क्लेमंट या दोघांनी लिहिला, दिग्दर्शित केला आणि त्यात कामंही केली. वेलिंग्टनमधल्या एका जुनाट घरात चार व्हॅम्पायर एकत्र राहतात आणि माहितीपटवाले त्यांच्या मागे कॅमेरा घेऊन फिरतात, एवढीच कल्पना. घरातलं मोठं भांडण रक्तावरून होत नाही, चौघांतल्या डीकनने पाच वर्षं भांडी घासलेली नाहीत यावरून होतं. रात्री नटूनथटून बाहेर पडावं, तर व्हॅम्पायरला बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही, म्हणून पबच्या दारात बाउन्सरची मनधरणी. पुण्यात चौघींत फ्लॅट घेऊन राहिलेल्या कुणालाही ती भांड्यांची पाळी लगेच ओळखीची वाटेल.

या सिनेमात गोष्ट फारशी नाही. नटांना पूर्ण संहिता न देता प्रसंग उत्स्फूर्तपणे खुलवायला लावले, शंभराहून जास्त तासांचं चित्रीकरण केलं आणि त्यातून दीड तास वेचून काढला. म्हणजे जे उरलं ते सगळं सवयींचं, स्वभावाचं. मालिका करणाऱ्याच्या दृष्टीने ही लॉटरीच. गोष्टीवर उभा असलेला सिनेमा वाढवायला गेलं की गोष्ट संपलेली असते, आणि मग स्मृती घालवावी लागते. सवयी कधी संपत नाहीत.

शिवाय व्हॅम्पायर मरत नाही आणि शिकतही नाही. सिनेमात शेवटपर्यंत माणूस थोडा तरी बदलावा अशी अपेक्षा असते, विनोदी मालिकेत तो दर आठवड्याला तसाच्या तसा परत हवा असतो. मालिकेतला नॅन्डोर सातशे वर्षांहून जुना, एके काळचा ऑटोमन योद्धा. पहिल्याच भागात तो दुकानात जाऊन सजावटीसाठी क्रेप पेपर मागतो आणि ठासून 'क्रीपी पेपर' म्हणतो. सात शतकांत जो सुधारला नाही, तो तेविसाव्या भागात सुधारेल याची भीती लेखकाला नाही. आमच्या मालिकेतल्या सासूबाईंना मात्र दर सणाला पाझर फुटायचा आणि दुसऱ्या दिवशी तो आटवायचं काम माझ्याकडे यायचं.

क्लेमंटने मालिका उभी करताना सर्वांत शहाणपणाचं काय केलं असेल, तर स्वतःला आणि वाइटीटीला त्या घरात ठेवलं नाही. घर नवं, माणसं नवी; उचलले ते फक्त नियम. बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, उन्हात जायचं नाही, आरशात दिसायचं नाही, आणि कॅमेऱ्याकडे तिरपा कटाक्ष. गंमत म्हणजे आदल्याच वर्षी, २०१८ मध्ये, न्यूझीलंडमध्ये याच सिनेमातून दुसरी एक मालिका निघाली होती, 'वेलिंग्टन पॅरानॉर्मल'. सिनेमात आरडाओरडा ऐकून घरात आलेले दोन पोलीस, जे समोरचा सगळा प्रकार सोडून धुराचा अलार्म नाही यावर बोट ठेवतात, ते तिचे नायक. म्हणजे एका सिनेमातून दोन मालिका आल्या आणि दोन्हींनी मूळ नायकांना हात लावला नाही.

अमेरिकी मालिका घडते न्यू यॉर्कच्या स्टॅटन आयलंडवर (चित्रीकरण बहुतेक कॅनडात, टोरांटोला). न्यू यॉर्कचा हा भाग म्हणजे फेरीबोटीतून उतरून लोक पुढच्या बोटीने परत जातात तो. व्हॅम्पायर दोनशे वर्षांपूर्वी अमेरिका जिंकायला म्हणून आले आणि तिथेच बसले. जुन्या जगातून त्यांचा वरिष्ठ व्हॅम्पायर, बॅरन, येतो आणि विचारतो, किती देश ताब्यात आला? तर आपली गल्ली, आणि शेजारची अर्धी. बॅरनचा चेहरा बघण्यासारखा होतो.

पण नुसते न बदलणारे लोक एकसष्ट भाग बघवत नाहीत. कुठेतरी घड्याळ टिकटिकलं पाहिजे. ते घड्याळ म्हणजे गियेर्मो, नॅन्डोरचा नोकर. तो माणूस आहे, म्हणून त्याचं वय वाढतं, त्याची वर्षं खर्च होतात. प्रेतं पुरायची, कपड्यांवरचे डाग काढायचे, पहाटे शवपेटीचं झाकण लावायचं, आणि या सगळ्याचा मोबदला म्हणजे मालक एक दिवस आपल्यालाही व्हॅम्पायर करेल ही आशा. पहिल्या भागात त्याच्या चाकरीला दहा वर्षं पूर्ण होतात. आज होणार, आज नक्की होणार. नॅन्डोर त्याला भेट देतो: दोघांचं चमकी लावून केलेलं चित्र. गियेर्मो झालेल्या हार्वी गियेनचा चेहरा त्या क्षणी जे करतो, त्यासाठी मी पुढचे भाग बघितले. सिनेमात हीच जागा जॅकी नावाच्या बाईची होती, घर-संसार सांभाळून डीकनची धुणी-इस्त्री करणारी. तिथे ती कडेला होती. इथे तीच कडेची जागा मधोमध आणली, आणि वर पहिल्या पर्वाच्या शेवटाकडे या बिचाऱ्या नोकराच्या अंगात व्हॅन हेल्सिंगचं, म्हणजे व्हॅम्पायर मारणाऱ्या घराण्याचं रक्त निघतं. हा धागा त्यांनी वर्षानुवर्षं पुरवला. ईर्ष्येने सांगते, मला जमला नसता.

दुसरी अडचण साध्या साठ्याची. लसूण, क्रूस, ऊन, आरसा यावरचे विनोद आठ-दहा भागांत संपतात. म्हणून कॉलिन रॉबिन्सन. बेज रंगाचं स्वेटर, टक्कल, कार्यालयात नोकरी. याच घरातला व्हॅम्पायर, पण तो रक्त पीत नाही. समोरच्याला कंटाळा आणून नाहीतर चिडवून त्याची शक्ती शोषतो आणि भर दिवसा हिंडतो. नगर परिषदेच्या बैठकीत तो शिरतो तेव्हा त्याची मेजवानीच असते. परदेशी समीक्षकांना ही फार नवी कल्पना वाटली. मला मात्र लगेच 'डोकं खाणं' आठवलं. मराठीत हा प्राणी पूर्वीपासून आहे, फक्त त्याला कुणी शवपेटी दिली नव्हती. आणि अशा माणसाचं खाद्य संपत नाही, लेखकाचंही नाही: कार्यालय, वाढदिवस, शेजारी, इंटरनेटवरची भांडणं, सगळीकडे ताट वाढलेलं.

सिनेमाचे चाहते रुसू नयेत म्हणून पहिल्या पर्वात एक भाग आहे, खटल्याचा. त्यात व्हॅम्पायरांच्या परिषदेत वाइटीटी, क्लेमंट आणि जोनाथन ब्रू आपल्या जुन्या भूमिकांत येतात, शिवाय टिल्डा स्विंटनसारखे, पूर्वी पडद्यावर व्हॅम्पायर झालेले बरेच जण. वेस्ली स्नाइप्स व्हिडिओ कॉलवर. मजा येते, पण तो पंगतीतला गोडाचा पदार्थ आहे. मालिकेने स्वतःचे पाय कुठे रोवले विचाराल तर दुसऱ्या पर्वात. घरातला आणखी एक व्हॅम्पायर, लाझ्लो, याने १८५३ मधलं घरभाडं बुडवलेलं असतं, वसुलीला आलेला व्हॅम्पायर म्हणजे नट मार्क हॅमिल, आणि लाझ्लो पेन्सिल्व्हेनियातल्या एका छोट्या गावात पळून जातो. वेषांतर कसलं? जीन्स आणि तोंडात दात कोरायची काडी. तेवढ्यावर तो साधा मनुष्य बारमालक म्हणून खपतो, आणि गावातल्या शाळेच्या मुलींच्या व्हॉलीबॉल संघासाठी जीव टाकतो. हा भाग सिनेमात कुठे बसला नसता. त्याला आधीचे पंधरा भाग लागतात: लाझ्लो किती आळशी, किती बढाईखोर आहे हे अंगवळणी पडलेलं असल्याशिवाय त्या काडीला हसू येत नाही. आणि लाझ्लो झालेल्या मॅट बेरीचा आवाज, तो शब्द चघळून चघळून बाहेर टाकतो तसा.

सगळं छान आहे असं नाही. चौथ्या पर्वातला लाझ्लोच्या बायकोच्या, नाड्याच्या, नाइटक्लबचा ट्रॅक मला ओढलेला वाटला. 'जरा मोठं काहीतरी दाखवा' असा निरोप वरून आल्यावर आम्ही लिहायचो तसा. पाचव्यात गियेर्मोचं गुपित इतके भाग झाकून ठेवलंय की झाकणाचाच कंटाळा येतो. सहावं पर्व डिसेंबर २०२४ मध्ये संपलं आणि शेवट त्यांनी बरा केला. माहितीपटवाले आपलं सामान आवरायला लागतात, गियेर्मो सैरभैर होतो, आणि व्हॅम्पायरांना त्याचं एवढं काय हेच कळत नाही.

वेळ कमी असेल तर पहिल्या पर्वाचा पहिला भाग बघा आणि चमकीच्या चित्रापर्यंत थांबा. तिथे पोटात काही हललं नाही तर सोडून द्या आणि सिनेमा बघा. तो दीड तासात आटपतो, आणि त्यातला स्टू नावाचा संगणकवाला मालिकेत कुठेच नाही.