वाचकांच्या शंका: व्हेर्स्टापेन, टायर आणि कार्टिंग

प्रश्न: २०२३च्या फॉर्म्युला वन हंगामात मॅक्स व्हेर्स्टापेननं २२पैकी १९ शर्यती जिंकल्या. आमच्या कट्ट्यावर सगळ्यांचं मत असं, की रेड बुलची गाडीच इतकी भारी होती की कुणालाही बसवलं असतं तरी तो जिंकला असता. खरं काय? (सांगली)

गाडी भारी होती, त्यात वादच नाही. रेड बुलच्या आरबी१९ या गाडीनं त्या हंगामात २२पैकी २१ शर्यती जिंकल्या. एकटी सिंगापूरची शर्यत फेरारीच्या कार्लोस साइन्सकडे गेली. पण 'कुणालाही बसवलं असतं'चं उत्तर शोधायला लांब जायला नको, संघाच्या दुसऱ्या आरबी१९मध्ये सर्जिओ पेरेझ बसलेलाच होता. त्यानं २ शर्यती जिंकल्या आणि २८५ गुण केले. व्हेर्स्टापेनचे गुण ५७५. सांघिक यादीत दुसऱ्या आलेल्या मर्सिडीजचे दोन्ही गाड्यांचे मिळून ४०९. म्हणजे पेरेझला वर्षभर घरी बसवलं असतं तरी सांघिक विजेतेपद रेड बुललाच मिळालं असतं. त्या वर्षी एका ड्रायव्हरला जास्तीत जास्त ६२० गुण मिळवता येत होते, त्यातले सुमारे ९३ टक्के एकट्यानं घेतले.

कट्ट्यावर वाद घालायचाच असेल तर मायामीची शर्यत काढा. चार शर्यतींनंतर व्हेर्स्टापेन ९३ आणि पेरेझ ८७, म्हणजे चुरस होती. मायामीत पेरेझ पहिल्या जागेवरून सुटला, व्हेर्स्टापेन नवव्या. पेरेझ मीडियम टायरवर, व्हेर्स्टापेन हार्डवर, म्हणजे जास्त टिकणाऱ्या पण कमी पकडीच्या टायरवर. पेरेझ विसाव्या फेरीत टायर बदलायला पिटमध्ये आला. व्हेर्स्टापेननं तोच हार्डचा सेट ५७पैकी ४५ फेऱ्यांपर्यंत ओढला, आणि ओढताना वेग पडू दिला नाही. म्हणून पिटमधून बाहेर पडला तेव्हा पेरेझ हाताशी होता. ४८व्या फेरीत त्याला मागे टाकलं. तिथून मोंझापर्यंत सलग १० विजय झाले. आधीचा विक्रम सेबास्टियन वेटेलचा, २०१३मधला, ९ विजयांचा.

पेरेझच्या बाजूनंही एक मुद्दा आहे. संघ गाडीत सुधारणा करतो त्या वेगवान ड्रायव्हरच्या दिशेनं जातात. गाडीचं नाक जितकं धारदार होत गेलं, म्हणजे गाडी जितकी चटकन वळू लागली, तितका पेरेझ अवघडत गेला. पण त्याच गाडीतून व्हेर्स्टापेन वेळ काढत होता, हे उरतंच.

प्रश्न: 'नाक धारदार, मागचा भाग सैल' अशी गाडी व्हेर्स्टापेनला आवडते असं समालोचक सारखं म्हणतात. सैल गाडीचे टायर तर लवकर संपायला हवेत. त्याचे टिकतात कसे? (पुणे)

प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. वळणाच्या तोंडाशी पुढचे टायर लगेच चावले तर गाडी लवकर वळते. लवकर वळली की स्टिअरिंग लवकर सरळ करता येतं, आणि स्टिअरिंग सरळ असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर मागचे टायर फक्त ढकलण्याचं काम करतात, ढकलणं आणि वळवणं दोन्ही एकदम करत नाहीत. झीज तिथे वाचते.

याची किंमत वळणात शिरताना मोजावी लागते. ब्रेक सोडत असताना मागचा भाग हलतो. बहुतेक ड्रायव्हर तो हलला की दचकून स्टिअरिंग उलटं मारतात किंवा ब्रेक धरून ठेवतात. मग घसरण होते आणि टायरचा वरचा थर क्षणात तापतो. व्हेर्स्टापेनच्या गाडीवरच्या कॅमेऱ्याच्या (ऑनबोर्ड) चित्रणात हात बघा. दुरुस्ती असते, पण अगदी बारीक, आणि घसरण पुरती सुरू व्हायच्या आत. याउलट ज्याला मागचा भाग घट्ट हवा, त्याच्या गाडीचं नाक वळणात बाहेर पळतं. तो स्टिअरिंग आणखी वळवतो, आणि पुढचे टायर रस्त्यावर आडवे खरवडले जातात.

दुसरी गोष्ट नव्या टायरवरच्या पहिल्या दोन-तीन फेऱ्यांची. टायर तापवून ठेवणाऱ्या ब्लँकेटमधून तो सुमारे ७० अंशांवर निघतो. त्याला दोन तापमानं असतात, वरच्या रबराचं आणि आतल्या सांगाड्याचं. लगेच पूर्ण जोर लावला तर वरचं रबर तापतं आणि आतलं मागे राहतं. रबर घसरतं, फाटतं, त्याचे दाणे पृष्ठभागावर चिकटतात. यालाच ग्रेनिंग म्हणतात. एकदा दाणे आले की ते घासून जाईपर्यंत प्रत्येक फेरीला वेळ जातो. व्हेर्स्टापेन सुरुवातीला लांब, वेगवान वळणांत हात राखून चालवतो आणि आतला सांगाडा तापला की वेग काढतो. टीव्हीवर हे दिसत नाही, कारण कॅमेरा ओव्हरटेकिंगच्या मागे असतो. फेऱ्यांच्या वेळांचा तक्ता समोर ठेवला तर दिसतं.

आणि गाडी साथ देत नसेल तर? सिंगापूर. त्या वेळच्या गाड्यांची बरीचशी पकड तळाखालून वाहणाऱ्या हवेतून येत होती, त्यासाठी गाडी जमिनीलगत आणि स्थिर लागायची. शहरातल्या उंचसखल रस्त्यावर तळ आपटू नये म्हणून गाडी उचलावी लागते, आणि उचलली की तळ काम करेनासा होतो. या दोहोंमधली योग्य उंची रेड बुलला त्या आठवड्यात सापडलीच नाही. दोघंही पात्रता फेरीच्या दुसऱ्या टप्प्यात बाद, व्हेर्स्टापेन अकराव्या जागेवरून सुटून पाचवा आला.

प्रश्न: व्हेर्स्टापेन कार्टिंगमधून (छोट्या, उघड्या कार्ट गाड्यांच्या शर्यतींतून) थेट फॉर्म्युला वनमध्ये आला असं वाचलं. आज एखाद्या मुलाला हे शक्य आहे का? (ठाणे)

थेट नाही, मध्ये एक वर्ष होतं. आई सोफी कुम्पेन कार्टिंगमधली नावाजलेली ड्रायव्हर, वडील योस स्वतः फॉर्म्युला वनमध्ये होते. २०१३मध्ये १५व्या वर्षी त्यानं केझेड गटाचं जागतिक विजेतेपद घेतलं. केझेड म्हणजे गिअर असलेली १२५ सीसीची कार्ट, हा कार्टिंगमधला सर्वांत वेगवान गट, तिथे त्याच्याहून मोठी, मुरलेली माणसं असतात. २०१४मध्ये युरोपियन फॉर्म्युला थ्रीत, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीवर, १० शर्यती जिंकून तिसरा आला. विजेता होता एस्तेबान ओकॉन. हंगाम संपायच्या आतच टोरो रोसो या रेड बुलच्या दुय्यम संघानं करार केला. ऑक्टोबरमध्ये सुझुकाच्या सराव सत्रात उतरला तेव्हा वय १७ वर्षं ३ दिवस. मार्च २०१५मध्ये मेलबर्नला पहिली शर्यत.

मे २०१६मध्ये बार्सिलोनात त्याला रेड बुलच्या मुख्य संघात बढती मिळाली आणि तीच शर्यत त्यानं जिंकली, वय १८ वर्षं २२८ दिवस. पहिल्याच फेरीत दोन्ही मर्सिडीज एकमेकांवर आदळून बाहेर गेल्या, हे नशीब. पण शेवटच्या ३२ फेऱ्या एकाच मीडियम सेटवर काढून मागे चिकटलेल्या किमी रायकोनेनला एकदाही आत शिरू दिलं नाही. मायामीचं बीज इथेच दिसतं.

आता तो रस्ता बंद आहे. त्याच्या प्रवेशानंतर एफआयए या मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेनं नियम बदलले. सुपर लायसन्ससाठी, म्हणजे फॉर्म्युला वनमध्ये उतरण्याच्या परवान्यासाठी, वय १८ पूर्ण, खालच्या फॉर्म्युल्यांत किमान दोन हंगाम आणि तिथल्या निकालांवर तीन वर्षांत मिळून ४० गुण. २०२४पासून असामान्य कामगिरी असेल तर १७व्या वर्षी विशेष परवानगी मिळू शकते, पण ४० गुणांतून सुटका नाही. व्हेर्स्टापेनचे २०१४मध्ये हे गुण भरले नसते. आणि गुण भरले तरी जागा मिळते असं नाही. मुंबईचा जेहान दारूवाला रेड बुलच्या ज्युनियर संघात होता, फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकला, तरी फॉर्म्युला वनची खुर्ची मिळाली नाही. तिथे एकूण जागाच २०-२२ असतात.

प्रश्न: व्हेर्स्टापेननं गाडीला ३३ क्रमांक का घेतला होता? (नाशिक)

त्याला ३ हवा होता, तो डॅनियल रिकार्डोकडे होता, म्हणून ३३. २०२१चं विजेतेपद मिळाल्यावर विजेत्याचा १ लावला. २०२५चं विजेतेपद लँडो नॉरिसनं अवघ्या २ गुणांनी नेलं, तिथे तो १ सुटला.

प्रश्न: माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, त्याला कार्टिंग शिकवायचं आहे. काय बघावं, कुठे चुकतं? (कोल्हापूर)

तुमच्या गावात मोहित्यांचा ट्रॅक आहे, राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या तिथे झालेल्या आहेत.  स्वतःची कार्ट घेण्याची घाई करू नका, आधी भाड्याच्या कार्टवर बसवा. हेल्मेट मात्र स्वतःचं आणि मापाचं घ्या. पट्टा लावून हेल्मेट हलवलं तर गालाची कातडी सोबत हलली पाहिजे. बरगड्यांचा प्रोटेक्टर टाळू नका, मुलांना सर्वांत जास्त मार सीटच्या कडेचा बसतो.

कार्टला मागे अखंड दांडा असतो, डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी यंत्रणा) नसतो. म्हणजे दोन्ही मागची चाकं एकाच वेगानं फिरतात. वळताना आतलं मागचं चाक जमिनीपासून किंचित उचललं गेलं तरच कार्ट मोकळी वळते. ते उचलण्याचं काम स्टिअरिंगची भूमिती आणि फ्रेमचा लवचिकपणा करतो, कारण सस्पेन्शनही नसतं. मूल भीत भीत, हळूहळू स्टिअरिंग फिरवतं तेव्हा चाक उचललंच जात नाही. मग कार्ट नाक सरळ ठेवून पुढे जाते आणि इंजिनाचा दम जातो. उलट गरजेपेक्षा जास्त वळवून तसंच धरलं तर पुढचे टायर खरवडतात. ब्रेक सरळ रेषेत असतानाच संपवायचा, मग एकदा ठाम वळवायचं, चाक उचललं की हात सोडत न्यायचे. वर पुण्याच्या वाचकांना सांगितलेली सवय इथेच लागते.

सीट ही कार्टची चौकटच असते. मोठ्या सीटमध्ये उशी घालून बसवलं तर शरीर हलतं आणि पकड दर फेरीला वेगळी लागते.

स्वतःची कार्ट घेतल्यावर एक वही ठेवा. टायरची हवा थंड असताना मोजा, बहुतेकदा १० ते १२ पीएसआयच्या आसपास असते, पण त्या टायरचा तक्ता बघूनच ठरवा. ट्रॅकवरून आल्या आल्या पुन्हा मोजा. पहिल्या फेऱ्या चांगल्या आणि नंतर घसरत असेल तर हवा जास्त आहे. चार-पाच फेऱ्या पकडच येत नसेल तर कमी. लांब सरळ रस्ता संपण्याच्या बऱ्याच आधी इंजिन कमाल फेऱ्यांना भिडत असेल तर मागच्या स्प्रॉकेटचे (साखळीच्या दातेरी चाकाचे) एक-दोन दात कमी करा. वळणातून उठताना दम लागत असेल तर वाढवा. दोन्ही बदल एकाच वेळी करू नका, कशानं फरक पडला ते कळत नाही.

आणि सर्वांत जलद फेरीचा आकडा भिंतीवर लावायची घाई नको. सलग दहा फेऱ्यांची सरासरी काढा, आणि सर्वांत जलद व सर्वांत मंद फेरीतलं अंतर लिहा. ते अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत आलं, की मग एफएमएससीआय या भारतातल्या मोटर शर्यतींच्या संघटनेच्या लायसन्सची आणि शर्यतीची चौकशी करा.